पिवळा ठिपका कुणीकडे होता

कमळाकर,

तुझी गाडी उघडली. वहिनी म्हणाल्या म्हणून उघडली, माझ्या मनाने मी कधीच उघडली नसती. तेराव्याचं जेवण आटोपलं होतं, मंडपवाला बांबू सोडत होता, तेव्हा त्या किल्ली घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, ही बंद गाडी दारान बघवत नाय मना. तुमी दोघांनी खोलली होती, आता तुमीच ती चालू करा. दारान दोन-दोन मेलेली नको." किल्लीला तुझा जाळ्याच्या दोरीचा गोंडा तसाच होता. मी किल्ली लगेच घेतली नाही. दुःखाने घेतली नाही असं त्यांना वाटलं असणार. मी भीतीने घेतली नव्हती. गाडीच्या पोटात काय निघणार, हे मला पाच महिन्यांपासून माहीत होतं.

आपल्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या लोकांचा जो अंक निघतो, त्यात तुझ्यावर दोन पानं लिहायला मला सांगितलंय. तुझा जन्म, तुझी नोकरी, घणसोली गावच्या उत्सवात तू काय काय केलंस, हे दुसरं कोणी लिहील. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती तुला सांगायला माझ्याकडे पाच महिने होते, त्यातले शेवटचे बारा दिवस तर मी तुझ्या खाटेशेजारच्या स्टुलावरच बसून होतो. तेव्हा बोललो नाही. आता सगळ्यांसमोर बोलतोय आणि ऐकायला तूच नाहीस.

आपली ओळख कशी झाली, ते आठवतंय? मी स्टोअरमध्ये नवा होतो. तू मेंटेनन्सचा फिटर, खिडकीशी येऊन पाइपाच्या सांध्यात बसवायचं एक गॅस्केट मागितलंस. मी खोक्यावरचा नंबर वाचला, वहीत टिक केली, "बघितलंय" म्हणून खोका तुझ्या हातात दिला. तू तिथेच खोका फोडलास. आत दुसऱ्याच जातीचं गॅस्केट. ते ॲसिडच्या लाइनला बसलं असतं तर काय झालं असतं, हे तुला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. साहेबांपर्यंत गोष्ट न्यायचा तुला हक्क होता. तू खोका परत खिडकीत सरकवलास आणि हळू आवाजात म्हणालास, "स्टोअर, खोका नको वाचू रं. वस्तू बघ."

तेव्हापासून मी तुझा 'स्टोअर' झालो. माझं खरं नाव तुझ्या तोंडून मी एकोणीस वर्षांत ऐकलं नाही. कामोठ्याच्या माझ्या सोसायटीच्या इंटरकॉमवरही तू वॉचमनला सांगायचास, "वर सांग, स्टोअरला भेटायला आलंय." वॉचमन बिचारा यादीत स्टोअर नावाचा माणूस शोधत बसायचा.

तू मला वस्तू बघायला सांगितलंस. मी मान डोलावली आणि पुढेही खोकेच वाचत राहिलो. टिक करायची, "बघितलं" म्हणायचं. ही सवय इतकी मुरली होती की शब्द तोंडातून निघून जायचा आणि डोळे कुठे आहेत ते मलाच कळायचं नाही.

गाडीबद्दल थोडं लिहितो, वाचणाऱ्यांनी ती पाहिलेली नसेल. जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळाले तेव्हा तुझ्या भावकीत मोठमोठ्या काळ्या गाड्या आल्या, हार घालून, पेढे वाटून. तू आणलीस पंचवीस वर्षांची, दोन दारांची, उघड्या टपाची निळी स्पोर्ट्स कार. बनवणारी कंपनी कधीच मिटलेली. पत्रा नव्हताच तिला, अंग सगळं फायबरचं. गावात लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, होडी. तुला राग यायला हवा होता, तू खूश झालास. खाडीत बापाची होडी जशी दुरुस्त करायचास तशीच तिची भोकं तू रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट लावून बुजवलीस. पावसात टप लावला तरी आत पाणी यायचं. "होडी हाय, पानी येनारच," असं म्हणून तू डबा घेऊन उपसायचास. वहिनी शेजारच्या सीटवर मांडीवर टॉवेल घेऊन बसायच्या. त्या दोन सीटच्या गाडीत मी मागे कसा मावायचो, ते आठवलं की अजून हसू येतं. 

गेल्या वर्षी पारसिक हिलच्या चढावर ती थकली. इंजिन ओरडत होतं आणि गाडी रांगत होती. क्लच गेला होता. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक चकती दाबून धरलेली असते, तिचं अस्तर झिजलं की ताकद मधल्यामध्येच सुटून जाते. तशीच प्लेट नवी मिळायचा प्रश्नच नव्हता.

मग तुझ्या ओट्यावर आपला वाद सुरू झाला. मी सुट्ट्या भागांचा माणूस. आठ दिवस खपून यादी केली. एक प्लेट दुसऱ्या गाडीची, दाते जुळत होते, पण घेर जरा लहान. आणि एक परदेशातून मागवायची, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तशी, कडक, अस्तराच्या जागी धातूचे गोल तुकडे बसवलेली. तिचा फोटो मी तुला दाखवला. काळा खोका, वर सोनेरी अक्षरं.

तू फोटो बघितलास आणि फोन परत दिलास. "खोका भारी हाय."

"अरे, प्लेट बघ ना. दुप्पट ताकद झेलते."

"ताकद कशाला रं? ही बटनाची प्लेट पकडली की धक्काच देते. धरायची तर पुरी, नायतर सोडायची. आपल्या गल्लीतून रोडला लागेपर्यंत मना वीस वेळा अर्धा क्लच लागतो. म्हातारी माणसं, हातगाडी, कोंबडी. शर्यतीला जायचंय का आपल्याला?"

"मग काय करायचं?"

"हायच तीच प्लेट नानाकडून नवीन लायनिंग मारून घ्यायची."

मी म्हणालो, "तो ट्रकच्या प्लेटी मारणारा?"

"माझ्या बापाच्या टेम्पोची प्लेट पन तोच मारायचा."

मी हरलो. तुझी गाडी, तुझा निर्णय, हे मला तोंडाने मान्य होतं. मनात मात्र आठ दिवस केलेल्या यादीचा अपमान झाला होता. हे क्षुल्लक वाटेल, पण पुढचं सगळं त्यातून झालं.

एपीएमसी मार्केटच्या मागे, कांद्याच्या ट्रकांची रांग जिथे संपते, तिथे नानांचं पत्र्याचं शेड. नाना देशावरचे, माझ्याच मुलखातले, सत्तरीला आलेले. आपल्यासमोरच त्यांनी जुने रिव्हेट उडवले, नवं लायनिंग, म्हणजे अस्तर, तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकलं, प्लेट एका बोटावर अडकवून फिरवली आणि डोळे मिटून अंगठा कडेने फिरवला. मी विचारलं, "नाना, जाडी मोजत नाही?" ते म्हणाले, "मोजली की आत्ता." तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस.

मग त्यांनी ब्रश बुडवून प्लेटच्या मधोमध, दातेरी बुशीच्या एका बाजूला, पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला. म्हणाले, "हिचा एक गळा लांब हाय आन् एक आखूड. फरक लई न्हाई, नजर फसती. कुठली बाजू कुनीकडं ते सांगनारं कंपनीचं अक्षर झिजलंय. हा लांब गळ्यावरचा ठिपका गिअरबॉक्सकडं ऱ्हायला पायजे. इसरू नगा." हे त्यांनी तुला सांगितलं, कारण तू मालक. मी तुझ्याशेजारीच उभा होतो.

रविवारी सकाळी आपण तुझ्या घराशेजारच्या शेडमध्ये गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. गिअरबॉक्स खाली आला. प्लेट मधोमध बसवायला जो दांडा लागतो, तो तू वल्ह्याच्या जुन्या मुठीपासून तासून केला होतास. खाऱ्या पाण्यात मुरलेलं ते लाकूड असं गुळगुळीत होतं की मी ते उगाच हातात धरून बसलो होतो. तू गाडीखाली उताणा, क्लच प्लेटला दाबून धरणारी जड प्रेशर प्लेट छातीवर घेऊन. मी वरून बाजूने हात घालून क्लच प्लेट बसवणार.

प्लेटवर माझी तेलकट बोटं उमटली होती. लायनिंगला तेल लागलेलं चालत नाही, एवढं मला माहीत होतं. मी फडकं थिनरमध्ये भिजवलं आणि प्लेट दोन्ही बाजूंनी लख्ख पुसली. फार काळजीने पुसली. नानांच्या कामावर मला भरवसा नव्हता ना, निदान माझं काम तरी स्वच्छ असावं. फडक्यावर पिवळं काही उमटलं का, ते मी बघितलं नाही.

प्लेट दांड्यावर चढवली आणि आत सरकवली. तिथे तू विचारलंस.

कारखान्यात तुझा हा नियमच होता. कुठलीही लाइन बंद करण्याआधी फिटर मोठ्याने विचारणार आणि मदतीला असलेला माणूस तीच गोष्ट शब्दांनी परत बोलणार. "व्हॉल्व्ह कुठं?" "बंद." "बाण कुनीकडं?" "टाकीकडं." नुसतं 'हो' चालायचं नाही. नुसतं 'हो' म्हणणाऱ्याला तू पाना खाली ठेवून पुन्हा विचारायचास.

गाडीखालून तुझा आवाज आला, "ठिपका कुनीकडं?"

मी म्हणालो, "बघितलं."

उत्तर 'गिअरबॉक्सकडं' असं यायला हवं होतं. तू क्षणभर थांबलास. तुझ्या हातातला पाना थांबलेला मला ऐकू आला. मग तू बोल्ट आवळायला लागलास. दुसरा कोणी असता तर तू पुन्हा विचारलं असतंस. मला विचारलं नाहीस. मी तुझा माणूस होतो म्हणून तू तुझा नियम त्या दिवशी सोडलास, कमळाकर, आणि त्याच दिवशी तो सोडायला नको होतास.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. तू क्लच दाबलास, पहिला गिअर टाकायला गेलास आणि दात दातांवर घासल्याचा तो आवाज आला. पुन्हा दाबला. पुन्हा तोच. पेडल जमिनीला टेकत होतं, पण प्लेट काही सुटत नव्हती. तू क्लचची केबल ताणलीस, सैल केलीस, परत ताणलीस. वहिनी टॉवेल घेऊन तयार होऊन दारात आल्या होत्या. त्या परत आत गेल्या.

आता जे लिहितोय ते लिहायला मला दोन दिवस लागले. गिअर घासला तेव्हा मला बरं वाटलं. तुझं तोंड पडलेलं दिसत होतं आणि माझ्या आत कुठेतरी काळ्या खोक्यावरची सोनेरी अक्षरं चमकली. मी म्हणालो, "लायनिंग जाड झालं असणार. अंगठ्याने मोजतो ना तो. मी म्हटलं होतं." जाड लायनिंगनेही नेमकं असंच होतं, हे तुलाही माहीत होतं. तू मान हलवलीस. प्लेट उलटी बसली असेल, हा विचार तुझ्या डोक्यात आला नसेल का? तू फिटर होतास, आलाच असणार. पण मी 'बघितलं' म्हणालो होतो. म्हणून तो विचार तू पुसून टाकलास आणि शिल्लक एकटे नाना राहिले.

दुसऱ्या दिवशी आपण त्यांच्याकडे गेलो. शेडमध्ये चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसले होते. तू सहसा वरच्या पट्टीत बोलणारा माणूस नव्हेस. त्या दिवशी बोललास. "नाना, तुमचा हात गेला आता. लायनिंग जाड मारलंत. गाडी दारान उभी हाय. जमत नसंल तर सांगायचं व्हतं."

ड्रायव्हरांचे पेले थांबले. नानांनी हातोडी खाली ठेवली. त्यांनी एकच विचारलं, "ठिपका कुनीकडं बसवला?"

तू माझ्याकडे बघितलंस.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फडकं आलं. तुझ्या शेडच्या कोपऱ्यात मी टाकलेलं फडकं, आणि त्याच्यावर, शप्पथ घेऊन सांगतो, पिवळा डाग. आदल्या दिवशी जे डोळ्यांनी बघितलं नव्हतं ते तिथे उभ्या उभ्या मला स्वच्छ दिसलं. आणि मी म्हणालो, "बघूनच बसवला."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "मग माझीच चूक आसंल. घिऊन ये, परत मारून देतो."

तू म्हणालास, "नको." आणि चालू लागलास. बाहेर येऊन आपण रिक्षात बसलो. मग म्हणालास, "जास्त बोललो का रं?" मी म्हणालो, "बोलायलाच हवं होतं."

त्याच संध्याकाळी मी ते फडकं शोधलं. डाग होता. घडी करून मी ते घरी नेलं आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं.  मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. गाडी उघडायचा विषय निघाला की मीच म्हणायचो, घाई काय, पावसाळा जाऊ दे. मग तुझं पोट दुखायला लागलं आणि तपासण्या सुरू झाल्या. मग मी म्हणायला लागलो, तू बरा झालास की उघडू. तुझ्या आजाराचा मला आडोसा झाला. ही ओळ मी खोडणार नाही.

वहिनी सांगतात, तू संध्याकाळी गाडीत जाऊन बसायचास. इंजिन बंद. क्लच दाबायचास, गिअर टाकायचास, सोडायचास. इंजिन बंद असलं की गिअर पडतो. गल्लीतून जाणारी बाई विचारायची, "कमळाकरभाऊ, कुठं चालली होडी?" तू म्हणायचास, "भरतीची वाट बघतंय." शेवटी शेवटी गाडीपर्यंत चालवेना तेव्हा तू ओट्यावरून तिच्याकडे बघत बसायचास.

हॉस्पिटलमध्ये, जायच्या चार दिवस आधी, दुपारी तू डोळे उघडलेस. "स्टोअर."

"हं."

"नानाकडं जायचंय मना."

"बरा हो, जाऊ."

"बरा नाय होत आता. मानूस बोलवून आन इथं. चार मानसांत बोललो मी त्याला. चुकला असंल तो, पन बोलायची तशी रीत नव्हती."

चुकला असंल तो. हे तू मरणाच्या खाटेवर म्हणालास आणि मी तुझ्या उशाशी बसून होतो. वॉर्डात दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं. "तो चुकला नाही, कमळाकर, मी चुकलो," एवढंच वाक्य होतं. मी तुझ्या पायावरची चादर नीट केली आणि म्हणालो, "उद्या आणतो." दुसऱ्या दिवशी आणलं नाही. त्यांनी तुझ्यासमोर पुन्हा ठिपका विचारला असता, ही भीती होती मला.

नाना आले. तुला स्मशानात नेलं तेव्हा आले. फाटकाशी लांब उभे होते, हातात टोपी घेऊन. पुढे आले नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलं आणि मी लाकडं मोजत असल्यासारखी मान खाली घातली.

तर गाडी उघडली. सकाळी सुरुवात केली. वहिनी म्हणाल्या, "बॅटरी मी धरते, मना ठावं हाय कुठं उजेड धरायचा." खरंच ठाऊक होतं. गिअरबॉक्स खाली घेतला, प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट काढले, क्लच प्लेट हातात आली. लांब गळा इंजिनच्या बाजूला होता. त्या बाजूच्या जड चाकाच्या बोल्टांना घासून त्याच्यावर चकचकीत गोल चट्टा पडला होता, म्हणूनच क्लच दाबूनही प्लेट सुटत नव्हती. लायनिंग कोरं करकरीत. मी घरून जाडी मोजायचा कॅलिपर आणला होता. चार ठिकाणी जाडी मोजली. चारही ठिकाणी एकसारखी, हवी तेवढीच. नानांचा अंगठा केसभरही चुकला नव्हता.

तू बरोबर होतास. आपला तो वाद तू जिंकला होतास, पहिल्याच दिवशी, आणि हरल्यासारखा गेलास.

मी तिथेच जमिनीवर बसलो. वहिनींना वाटलं, मला चक्कर आली. पाणी आणायला उठल्या, तर मी म्हणालो, "पाणी नको. ऐका." सगळं सांगितलं. यादी, थिनर, ठिपका, 'बघितलं', नाना, फडकं, हॉस्पिटल. त्या बॅटरी हातात घेऊन उभ्या होत्या. दिवसाढवळ्या ती बॅटरी तशीच जळत होती. मी संपवलं तेव्हा त्यांनी ती बंद केली. एवढंच म्हणाल्या, "तो जित्ता असताना सांगायचं व्हतं, भाऊ." आणि घरात गेल्या. त्या दिवशी त्यांनी मला जेवायला हाक मारली नाही. तुझ्या घरात एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

प्लेट आणि फडकं पिशवीत घालून मी नानांकडे गेलो. शेडमध्ये शिरताना दिसलं ते आधी सांगतो. एका ट्रकची प्लेट पुढ्यात घेऊन ते कॅलिपरने जाडी मोजत होते. मोजली, कागदावर लिहिली, परत मोजली, परत लिहिली. डोळे मिटून अंगठा फिरवणारा माणूस. मी विचारलं, "नाना, कॅलिपर?" ते वर न बघता म्हणाले, "हात गेलाय आमचा. मागं एकजण सांगून गेला. छोट्या गाडीची प्लेट तर घेतच न्हाई आता."

मी पिशवी त्यांच्यासमोर उपडी केली. त्यांनी प्लेट उचलली, गळ्यावरचा चट्टा बघितला. त्यांना बोलायची गरज पडली नाही. मग फडक्यावरचा पिवळा डाग बघितला. तरीही मी बोललो. सगळं बोललो. पायाला हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मला कशाला सांगतुयास? त्याला सांगायचं हुतं."

"तो नाही आता, नाना."

"ठाव हाय. पोचवायला आलतो मी." त्यांनी प्लेट फडक्यावर ठेवली. "त्यो चांगला मानूस. त्याच्या बापालाबी वळखत हुतो. माझ्यावर चिडून गेला. तुझ्या शब्दावर चिडून गेला."

मी म्हणालो, "काय करू सांगा."

"चार मानसांत निघाला हुता शब्द. चार मानसांतच भरला पायजे. माझ्या कानात येऊन काय उपयोग."

म्हणून हे इथे लिहितोय, कमळाकर. आपला प्रत्येक माणूस हा अंक वाचतो, आणि नानांच्या शेडमध्येही मी तो नेऊन ठेवणार आहे, चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांसाठी. ज्यांनी तुझं ते बोलणं ऐकलं, ज्यांच्या कानावर ते पुढे गेलं, त्या सगळ्यांना सांगतो: नानांचा हात गेलेला नाही. चूक त्यांची नव्हती आणि कमळाकरची तर नव्हतीच. प्लेट मी उलटी बसवली, आणि दोनदा विचारल्यावर दोनदा खोटं बोललो.

नानांनी शेवटी ब्रश घेतला. प्लेटवर त्याच जागी पिवळा ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत मला उभं ठेवलं.  हातात देताना कुणीकडे बसवायची ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पुन्हा तुझ्या शेडमध्ये गेलो. वहिनी बाहेर आल्या, बॅटरी घेऊन. मी प्लेट वल्ह्याच्या दांड्यावर चढवली, आत सरकवली आणि प्रेशर प्लेट उचलायच्या आधी थांबलो. 

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"इथं तो विचारायचा. ठिपका कुनीकडं म्हणून."

"मग?"

"गिअरबॉक्सकडं आहे," मी म्हणालो. "बघितलं मी."

वहिनींनी पदर खोचला, गुडघे टेकले, बॅटरी पेटवली आणि माझ्या खांद्यावरून पुढे वाकल्या.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "मना दाखवा."

मी बाजूला झालो. त्यांनी बघितलं, बोट लावून बघितलं, बोटावर रंग येतो का तेही बघितलं. मग म्हणाल्या, "हाय. चढवा."

दुपारी गाडी खाली उतरवली. क्लच दाबला आणि पहिला गिअर असा पडला, जसा इंजिन बंद असताना तुझा पडायचा. गल्लीतून हातगाडी येत होती, अर्ध्या क्लचवर मी गाडी तिच्यामागे सरकवली. धक्का नाही, घासणं नाही. वहिनी शेजारी बसल्या होत्या, मांडीवर टॉवेल.   रोडला लागेपर्यंत क्लच सोडताना दर वेळी मला त्यांचं 'मना दाखवा' ऐकू येत होतं.

त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. म्हणायलाच हवं होतं, आणि यापुढे मला सगळ्यांनी तेच म्हणावं. पण एकोणीस वर्षांत तू मला हजार वेळा विचारलं असशील, बाण कुनीकडं, व्हॉल्व्ह कुठं, ठिपका कुनीकडं.

त्या पहिल्या खोक्यानंतर 'दाखव' म्हणून तू एकदाही म्हणाला नाहीस.